वाचकांचे प्रश्न: टॉर्क बरोबर, तरी बोल्ट का लांबला?

प्रश्न: पंपाच्या बैठकीला एम-१२ मापाचे (१२ मिलिमीटर व्यासाचे), ८.८ ग्रेडचे (ताकदीचा दर्जा) बोल्ट आहेत. तक्त्याप्रमाणे ८८ न्यूटन-मीटर टॉर्कवर, म्हणजे पिळाच्या जोरावर, टॉर्क रेंच लावून आवळतो. यंदा गंजू नयेत म्हणून आट्यांना मॉलिब्डेनमचं काळं ग्रीस लावलं, तर दोन बोल्ट आवळतानाच लांबले. दोष बोल्टचा की ग्रीसचा?

उत्तर: दोष ग्रीसचाही नाही, ग्रीस लावून तक्ता तोच ठेवण्याचा आहे. रेंच आपण किती जोराने पिळतो ते दाखवतो; बोल्ट किती ताणला ते त्याला कळत नाही. कोरड्या बोल्टवर लावलेल्या पिळापैकी साधारण निम्मा नटाखालच्या घासण्यात जातो, ४० टक्के आट्यांत जातो आणि जेमतेम १० टक्के बोल्ट ताणायला उरतो. घर्षण कमी केलं की वाचलेला सगळा जोर ताणात जातो.

टॉर्क = गुणांक × व्यास × ताण. गुणांक म्हणजे घर्षणावर ठरणारा आकडा. कोरड्या बोल्टचा गुणांक ढोबळमानाने ०.२. म्हणजे ८८ ला ताण सुमारे ३७ किलोन्यूटन, जवळपास पावणेचार टन. हाच हवा. मॉलिब्डेनम ग्रीसला गुणांक ०.१२ च्या आसपास येतो. त्याच ८८ ला ताण ६१ किलोन्यूटनवर जातो. हा बोल्ट ५४ किलोन्यूटनलाच कायमचा लांबतो! ग्रीस ठेवायचं असेल तर ५३ न्यूटन-मीटर पुरे. ग्रीसच्या डब्यावर गुणांक छापलेला असेल तर तोच धरा.

लांबलेले बोल्ट परत वापरू नका. शंका असेल तर कोरा नट हाताने फिरवून पाहा. मध्येच अडला तर आटे ताणले गेलेत, बोल्ट भंगारात टाका.

आणखी एक गोष्ट फार लोक विसरतात. नीट आवळलेला बोल्ट ४० मिलिमीटर पकडीत (बोल्टने आवळलेल्या भागांची जाडी) फक्त ०.०८ मिलिमीटरच्या आसपास लांबतो. वॉशरखाली रंगाचा थर राहिला आणि तो ०.०२ दबला, की पाव ताण गेला. म्हणून रंग खरवडून काढा, खाली कडक सपाट वॉशर घाला. समोरासमोरचे बोल्ट घेत आधी २०, मग ४०, मग ५३ असं तीन फेऱ्यांत आवळा. शेवटी ५३ लाच ओळीने एक फेरी मारा. रेंच सावकाश ओढा, ठरलेला टॉर्क आल्याचं ‘टक्’ झालं की थांबा. पुन्हा एकदा ‘टक्’ करून घ्यायची सवय मोडा.

प्रश्न: आठवड्याने रेंच लावला, नट न हलता ‘टक्’ वाजलं. ताण शाबूत समजायचा?

उत्तर: नाही. थांबलेला नट हलवायला चालत्या नटापेक्षा जास्त जोर लागतो, त्यामुळे ताण उतरलेला असला तरी ‘टक्’ वाजू शकतं. नटावर आणि बैठकीवर मिळून खडूची एक रेघ ओढा, नट थोडा सैल करा, ठरलेल्या टॉर्कला पुन्हा आवळा. नटावरची रेघ बैठकीवरच्या रेघेच्या बरीच पुढे गेली तर ताण उतरला होता.