कोयनेचा भूकंप: प्रेरित, जन्य की आणखी काही?

एका अनुवादकाचा प्रश्न आला आहे. भूशास्त्रावरच्या इंग्रजी लेखात त्यांना कोयनेबद्दल ‘रिझर्व्हॉयर ट्रिगर्ड सिस्मिसिटी’ असा शब्दप्रयोग भेटला. मराठीत शोधलं तर कुठे ‘धरणप्रेरित भूकंप’, कुठे ‘जलाशयजन्य भूकंप’, आणि बातम्यांत थेट ‘मानवनिर्मित भूकंप’. हे सगळे एकच का, आणि नसतील तर त्यांच्या वाक्यात कोणता बसेल? त्यांचं वाक्य साधारण असं आहे: अशा भूकंपांचं जगातलं सर्वांत ठळक ठिकाण म्हणजे कोयना.

एकच नाहीत. आणि माझ्या मते तिन्ही इथे बसत नाहीत, फक्त प्रत्येकाच्या न बसण्याचं कारण वेगळं आहे.

‘मानवनिर्मित’ आधी निकालात काढू. धरण मानवनिर्मित आहे, भूकंप नाही. जमिनीखाली अणुचाचणी केल्यावर जो हादरा बसतो त्याला हे विशेषण खुशाल लावावं.

‘जलाशयजन्य’ दिसायला शास्त्रीय आहे, पण दावा फार मोठा करतो. ‘जन्य’ म्हटलं की उगम आला: जलजन्य आजार पाण्यातूनच येतो. मग जलाशयजन्य भूकंपाचं बळ जलाशयातून आलेलं असायला हवं. तसं आहे का, ते थोडं गणित करून पाहू. कोयनेची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर, तेव्हा भरलेल्या शिवाजीसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, जवळजवळ ३०० कोटी टन पाणी असतं. आकडा छाती दडपून टाकणारा आहे. पण खडकाच्या दृष्टीने बघा. १०० मीटर खोल पाण्याचा तळावर पडणारा दाब साधारण १० वातावरणांइतका (समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब असतो तो एक वातावरण). पाच किलोमीटर खोलीवर नुसत्या वरच्या खडकाचाच दाब १३०० वातावरणांच्या आसपास असतो. धरण १०३ मीटर उंच आहे, आणि बहुतेक तलाव त्याच्या भिंतीपाशी असतो त्यापेक्षा पुष्कळ उथळ. म्हणजे पाण्याने घातलेली भर शेकड्याला एकसुद्धा नाही. कोयनेचे धक्के बहुतांशी जमिनीखाली दहा किलोमीटरच्या आतच होतात. तिथल्या खडकात साठलेला ताण भारतीय भूपट्ट उत्तरेकडे रेटला जात असल्यामुळे साठलेला आहे, आणि ते रेटणं माणूस जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे.

तरीही धरणाचा संबंध नाकारता येत नाही. १९६२च्या सुमारास पाणी अडवायला सुरुवात झाली आणि धक्के जाणवू लागले. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ महत्तेचा (मॅग्निट्यूडचा) भूकंप झाला, कोयनानगर जमीनदोस्त झालं आणि दोनशेच्या आसपास माणसं गेली. (अनुवाद करताना एक सांभाळा: परदेशी नोंदींत तारीख १० डिसेंबर असते, कारण ती जागतिक वेळेप्रमाणे लावलेली असते. दोन तारखा पाहून एक ‘दुरुस्त’ करू नका. आणि ‘६.३ रिश्टर स्केल तीव्रतेचा’ ह्या प्रयोगावर वेगळं भांडायचं आहे, आज नको.) तेव्हापासून तिथे पाच किंवा त्याहून अधिक महत्तेचे वीसेक धक्के झाले, सगळे साधारण ३० किलोमीटर लांब आणि २० किलोमीटर रुंद अशा एका पट्ट्यात. पावसाळ्यात पाणी चढल्यावर धक्के वाढतात, आणि पुढे पाणी उतरू लागल्यावर पुन्हा. शेजारच्या वारणा जलाशयात पाणी साठू लागल्यावर काही वर्षांनी तो टापूही हलू लागला. ‘कावळा बसायला आणि फांदी मोडायला’ एवढ्यावर हे सोडून देता येत नाही.

मग ‘प्रेरित’? इथे खरी गंमत आहे, कारण हा शब्द चुकीचा म्हणण्यापेक्षा दुसऱ्या जागेचा आहे. इंग्रजीत ह्या विषयात दोन शब्द चालतात, ‘इन्ड्यूस्ड’ आणि ‘ट्रिगर्ड’. आधी ते सरमिसळ वापरले जात. कोयनेवरच्या जुन्या शोधनिबंधांतही ‘इन्ड्यूस्ड’ सर्रास सापडतं. गेल्या शतकाच्या अखेरीस आर्ट मॅगार आणि डेव्हिड सिम्प्सन ह्या भूकंपशास्त्रज्ञांनी सुचवलं की दोन्ही वेगळे ठेवावेत. खडकातला ताण बदलण्यात माणसाच्या कामाचा वाटा मोठा असेल तर ‘इन्ड्यूस्ड’. ताण आधीपासूनच भरलेला होता, माणसाने त्यात चिमूटभर टाकली, तर ‘ट्रिगर्ड’. कोयनेवर आयुष्य घालवणारे हर्ष गुप्ता ह्यांनी पुढे ‘ट्रिगर्ड’च लावून धरला, आणि वरचं दाबाचं गणित पाहिलं तर ते का हे कळतं.

‘इन्ड्यूस्ड’चं चोख उदाहरण हवं तर नेदरलँड्समधलं ग्रोनिंगन. तिथे मुळात भूकंप होतच नसत. दशकानुदशकं नैसर्गिक वायू उपसल्यावर वायू धरून ठेवणारा वालुकाश्म दबत गेला, जुन्या भेगांवर ताण आला आणि धक्के सुरू झाले. २०१२मध्ये हाउझिंगे गावाजवळ ३.६ महत्तेचा झाला. महत्ता किरकोळ वाटते, पण तो फार उथळ होता आणि घरं विटांची. भिंतींना तडे गेले आणि लोकांच्या संतापापुढे अखेर २०२३च्या ऑक्टोबरात उत्पादन थांबवावं लागलं. इथे ताणाची पुंजीच मुख्यतः माणसाने जमा केलेली होती.

ह्या प्रकाराला ‘प्रेरित’ म्हणायला हरकत नाही. संस्कृतात ‘प्र’ आणि ‘ईर्’ मिळून अर्थ होतो पुढे ढकलणं, चालना देणं. मला स्वतःला ‘प्रवर्तित’ अधिक आवडतो. आपल्या शाळेच्या पुस्तकांत विद्युतचुंबकीय ‘प्रवर्तन’ आहे, ‘प्रवर्तित’ विद्युतधारा आहे. हिंदीत तिथे ‘प्रेरण’ असतं. शिवाय रोजच्या मराठीत ‘प्रेरित’ आता फार उदात्त नाहीतर फार संशयास्पद झाला आहे: माणूस संतवचनांनी प्रेरित होतो किंवा आरोप राजकीय हेतूने प्रेरित असतात. भूकंपाला ह्यातलं काहीच नको.

आता ‘ट्रिगर्ड’. बंदुकीचा तो चाप किंवा घोडा. पण ‘धरणाने चाप ओढला’ म्हटलं की कुणीतरी नेम धरून उभं होतं असं वाटतं. ‘उद्दीपित’ मानसशास्त्राच्या वर्गात जाऊन बसतो. माझं मत ‘निमित्त’ ह्या शब्दाला आहे, आणि ते केवळ सोयीसाठी नाही.

मराठीत आपण एखाद्याबद्दल म्हणतो, ‘तो नुसता निमित्ताला टेकलाय’. भांडण मनात तयार आहे, शब्द ओठांवर आहेत, फक्त कुणीतरी काहीतरी बोलायचा अवकाश. भूकंपशास्त्रज्ञ ज्याला क्रांतिक ताणाची स्थिती म्हणतात ती हुबेहूब हीच. आणि कोयनेखालचा खडक असा निमित्ताला टेकलेला आहे, हे आता नुसतं अनुमान राहिलेलं नाही. केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडजवळ विंधनविवर (बोअरहोल) संशोधनाची प्रयोगशाळा उभारली आणि २०१७पर्यंत कोयनेच्या टापूतल्या गोठणे इथे ३ किलोमीटर खोल प्रायोगिक विवर पाडलं. वरचा सव्वा किलोमीटरच्या आसपासचा भाग आपला ओळखीचा काळा कातळ, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्याखाली सुमारे २५० ते २७० कोटी वर्षं जुना ग्रॅनाइटी पाया. त्या पायातल्या खडकाच्या मोजणीवरून तिथला ताण खरोखर टोकाला पोचलेला दिसतो. थोडासा बदलही धक्क्याला पुरेसा. आणखी एक गोष्ट सापडली ती मला अधिक विलक्षण वाटते: पार तीन किलोमीटरपर्यंत पाणी आहे, आणि ते मूळचं पावसाचं आहे. सह्याद्रीवर पडणारा पाऊस भेगाभेगांतून तिथवर मुरतो.

हे महत्त्वाचं का? कारण धरण काम करतं ते मुख्यतः वजनाने नाही, ह्या मुरण्याने. प्रस्तरभंगाच्या, म्हणजे खडक तुटून जिथे सरकतो त्या भेगेच्या, दोन्ही बाजू एकमेकींवर घट्ट दाबलेल्या असतात, घर्षणामुळे सरकत नाहीत. भेगेत शिरलेल्या पाण्याचा दाब वाढला की तो त्या दोन बाजूंना किंचित अलग रेटतो आणि घर्षण कमी होतं. तलावातल्या पातळीचा बदल खडकातून झिरपत खाली पोचायला वेळ लागतो. म्हणून पाणी चढणं आणि धक्के वाढणं ह्यांत दिवसांचं, आठवड्यांचं अंतर पडतं. सरकवणारा जोर मात्र आधीपासूनचा. गीतेच्या अकराव्या अध्यायात कृष्ण अर्जुनाला नेमकं हेच सांगतो की हे मी आधीच मारलेले आहेत, तू निमित्तमात्र हो.

न्याय हे भारतीय तर्कदर्शन शिकलेले वाचक इथे अडवतील आणि त्यांचं म्हणणं बिनबुडाचं नाही. न्यायात घड्याचं निमित्तकारण म्हणजे कुंभार. माती असून चालत नाही, घडवणारा तोच. त्या हिशेबाने निमित्त ही किरकोळ गोष्ट नव्हेच. खरं आहे. पण शास्त्रातला निमित्त आणि मराठी बोलीतला निमित्त आता दोन वेगळे शब्द आहेत असंच धरावं लागतं. ‘म्हातारपण होतंच, ताप निमित्त झाला’ ह्या वाक्यात ताप कुंभार नाही. (गीतेच्या पहिल्या अध्यायातली ‘निमित्तानि’ तर तिसरीच, ती अपशकुनं.)

दुसरी हरकत जास्त गंभीर आहे. ‘निमित्त’ म्हटलं की धरण सुटलं, असा सूर लागतो. ‘धरण केवळ निमित्त’ हे वाक्य भरपाई टाळणाऱ्याच्या तोंडी फार शोभेल. ह्याचं उत्तर कोरियातून मिळतं. १५ नोव्हेंबर २०१७ला दक्षिण कोरियातल्या पोहांग शहरात ५.५ महत्तेचा भूकंप झाला; देशभरची विद्यापीठ प्रवेशपरीक्षा त्यामुळे आठवडाभर पुढे ढकलावी लागली. जवळच भूऔष्णिक ऊर्जेसाठी खोल विवरांतून दाबाने पाणी सोडलं गेलं होतं. सरकारने तज्ज्ञांकडून चौकशी करवली. मार्च २०१९मध्ये निष्कर्ष जाहीर करताना त्यांनी दोन कोरियन शब्दांत काटेकोर फरक केला, ‘युबाल’ म्हणजे प्रवर्तित आणि ‘छोकबाल’ म्हणजे निमित्ताने घडलेला. पोहांगचा भूकंप दुसऱ्या प्रकारचा, असं त्यांनी सांगितलं, कारण सोडलेल्या पाण्याने जेवढा खडक प्रत्यक्ष ढवळला त्याच्या मानाने भूकंप फार मोठा होता. उरलेलं बळ जमिनीत आधीच होतं. सौम्य शब्द निवडला म्हणून प्रकरण मिटलं नाही. उलट त्याच वर्षाच्या डिसेंबरात नुकसानभरपाईसाठी खास कायदा झाला. निमित्त होणाऱ्यालाही जाब विचारता येतो. जो भूकंप कदाचित कैक वर्षांनी झाला असता तो आज झाला, ही काही छोटी गोष्ट नाही.

‘निमित्त’चा आणखी एक फायदा म्हणजे त्याला माणूस लागत नाही. नेपाळच्या हिमालयात लहान धक्के हिवाळ्यात अधिक आणि पावसाळ्यात कमी होतात असं तिथल्या नोंदींतून दिसलं आहे, आणि पावसाळ्यात गंगेच्या मैदानावर साचणाऱ्या पाण्याच्या भाराशी त्याचा मेळ लागतो. आपल्याकडे डहाणू-तलासरीत २०१८च्या नोव्हेंबरपासून बारीक धक्क्यांची जी रांग लागली, तिच्यामागेही मुरणाऱ्या पावसाचा हात असावा का, हे अभ्यासक तपासत आले आहेत. तिथे ‘मानवनिर्मित’ही निरुपयोगी आणि ‘धरणप्रेरित’ही. किल्लारीच्या वेळी, १९९३मध्ये, जवळच्या निम्न तेरणा धरणाकडे काहींनी बोट दाखवलं होतं. ते मत सर्वमान्य झालं नाही. अशा ठिकाणी शब्द जपून. निमित्तसुद्धा सिद्ध व्हावं लागतं.

राहता राहिला समास. ‘धरणनिमित्त भूकंप’ करू नका! मराठी कानाला तो ‘दिवाळीनिमित्त सवलत’सारखा लागतो; जणू धरणाच्या उद्घाटनाप्रीत्यर्थ भूकंप ठेवला आहे. शेवटी ‘क’ लावला की अडचण सुटते: ‘जलाशयनिमित्तक’. बहुव्रीहीला ‘क’ जोडायची रीत जुनी आहे आणि शोधनिबंधात शब्द खपून जाईल. बातमीत किंवा सर्वसाधारण लेखात मात्र समास सोडून वाक्यच मराठी करावं. ‘सिस्मिसिटी’साठी ‘भूकंपप्रवणता’ टाळा. तो शब्द शक्यतेबद्दल बोलतो, इथे प्रत्यक्ष होणाऱ्या धक्क्यांबद्दल बोलायचं आहे.

तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: ‘जलाशयाचं निमित्त होऊन भूकंप होत राहण्याचं जगातलं सर्वांत ठळक ठिकाण म्हणजे कोयना.’ पुढे तोच संदर्भ वारंवार येणार असेल तर पहिल्या वेळी ‘जलाशयनिमित्तक भूकंप’ अशी ओळख करून द्या आणि नंतर तेवढंच वापरा. मूळ लेखकाने कुठे ‘इन्ड्यूस्ड’ लिहिलं असेल तर तिथे ‘प्रवर्तित’ घाला. पण लेख जुना असेल तर आधी बघा, त्याला हा फरक अभिप्रेत होता का.