अशक्त वासराला नळीने चीक पाजताना नळी श्वासनलिकेत गेलेली नाही, हे कसे ओळखावे?

वासराच्या मानेवर बाहेरून बोटांनी चाचपल्यावर कडक, कंगोरेदार श्वासनलिका आणि तिच्याशेजारी आपण घातलेली नळी अशा दोन नळ्या वेगवेगळ्या हाताला लागल्या, तरच नळी अन्ननलिकेत आहे असे समजावे. एकच लागली तर नळी लगेच बाहेर काढावी, कारण फुप्फुसात उतरलेला चीक जीवघेणा ठरतो. खात्री होईपर्यंत एक थेंबही सोडू नये. वासरू उभे किंवा छातीवर बसलेले असावे, सुमारे ३९ अंश सेल्सिअसचा कोमट चीक दाब न देता आपल्या वजनाने उतरू द्यावा आणि नळी काढताना ती दुमडून धरावी. मात्र नळीने दिलेले दूध दूध पचवणाऱ्या चौथ्या पोटाऐवजी आधी कोटीपोटात (पहिल्या पोटात) जाते, म्हणून चोखू शकणाऱ्या वासराला रोजचे दूध असे पाजू नये.