ब्रिटिशांच्या काळात मस्कतचा सुलतान भारत सरकारच्या हाताखाली होता का?

कागदावर नाही, मस्कत-ओमान शेवटपर्यंत स्वतंत्र देशच होता, पण खरा वचक ब्रिटिश इंडियाचाच होता. म्हणजे बघा, मस्कतमधे पॉलिटिकल एजंट (ब्रिटिशांचा राजकीय प्रतिनिधी) बसायचा, तो रिपोर्ट करायचा इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहरमधल्या रेसिडेंटला (म्हणजे आखातातल्या वरिष्ठ ब्रिटिश अधिकाऱ्याला), आणि तो रेसिडेंट 1873 पर्यंत मुंबई सरकारला आणि नंतर थेट भारत सरकारला उत्तर द्यायचा, लंडनचं फॉरेन ऑफिस रोजच्या कारभारात मागेच असायचं. सगळ्यात मोठं उदाहरण 1861 चं, सुलतान सईद वारल्यावर दोन मुलांत भांडण लागलं तेव्हा व्हाइसरॉय कॅनिंगने निवाडा देऊन झांझिबार (पूर्व आफ्रिकेजवळचं बेट, तेही सईदच्याच राज्यातलं) आणि मस्कत वेगळं केलं आणि झांझिबारने मस्कतला वर्षाला 40,000 क्राउन (तेव्हाची चांदीची नाणी) द्यायचे असं ठरवलं. एका अरब घराण्याची वाटणी कलकत्त्याच्या व्हाइसरॉयने करावी, यातच सगळं आलं! 1891 मधे तर सुलतानाने ब्रिटिश सोडून कुणालाही जमीन देणार नाही असं लिहून दिलं. फक्त एडनची (आजच्या येमेनमधलं बंदर) यात गल्लत करू नका, ते 1839 ला जिंकून घेतलेलं आणि 1932 पर्यंत मुंबई इलाख्यातच होतं, तिथे सरळ ब्रिटिश राज्य होतं.