ठाण्यात आमच्या चाळीत लेप्टोचे दोन पेशंट निघाले, आता महापालिकेची माणसं घरोघरी येऊन एवढं काय विचारत बसतात?

अहो, त्यांना येऊ द्या. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार माणसाकडून माणसाला सहसा होतच नाही, उंदीर, कुत्री, गुरं यांच्या लघवीतनं जंतू साचलेल्या पाण्यात जातो आणि पायाला जखम असली की तिथनं आत, म्हणून खरा शोध असतो तो पेशंट नेमका कुठल्या पाण्यात गेला होता याचा. आणि ताप यायला 2 ते 30 दिवस लागू शकतात, बहुतेकांना 5 ते 14, त्यामुळे कालचं नाही तर अख्ख्या महिन्याचं विचारतात, पाणी तुंबलं तेव्हा स्टेशनला चालत गेलात का, पायात काय होतं, काम काय करता, जवळ गोठा आहे का (आपल्याला आठवतंय थोडंच!). मग शेजारीपाजारी कोणाला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं काही आहे का तेही बघतात. रक्त परत मागितलं तर कुरकुर नको, पहिल्या काही दिवसांत अँटिबॉडी टेस्ट (शरीराने जंतूविरुद्ध बनवलेले घटक शोधणारी) निगेटिव्ह येऊ शकते, तेव्हा पीसीआर (थेट जंतूचाच अंश शोधणारी टेस्ट) जास्त कामाची. तुम्ही स्वतः त्या पाण्यातनं चालला असाल तर 72 तासांच्या आत डॉक्टरला दाखवा, गरज वाटली तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतील, पण मेडिकलमधनं आपल्या मनाने आणू नका, घरात प्रेग्नंट बाई किंवा लहान मूल असेल तर अजिबातच नको.