धृपद धरायला ये

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

दुकान बंद केलंस हे तुझ्या वडिलांकडून कळलं. फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितो. हल्ली देवाचं नाव काढलं तरी तुला चीड येते म्हणे. येऊ दे. माझं किराणा दुकान बुडालं तेव्हा मी दीड वर्ष देवळाची पायरी चढलो नव्हतो. पेठेतून जायला नको म्हणून मागच्या गल्लीने घरी यायचो.

त्या दिवसांत मला धीर दिला तो दिवाळं निघालेल्या एका वाण्याने. तुकोबांनी. आपण त्यांना वीणा-चिपळ्या देऊन फोटोत बसवलंय, त्यामुळे ते दुकानदार होते हे ध्यानातच राहत नाही. आईवडील गेलेले. त्यात 1630 च्या सुमाराचा दुष्काळ. पैसा गेला, मान गेला आणि एक बायको अन्न अन्न करत मेली. हे त्यांनी स्वतःच अभंगात सांगितलंय. धंद्यात तूट आली तेव्हा जिवाला लाज वाटली, हेही लपवलं नाही.

पुढचं नीट वाच. देवाचं देऊळ भंगलं होतं, ते करावंसं त्यांच्या मनात आलं. एकादशीला कीर्तन करू लागले, पण सुरुवातीला चित्त काही अभ्यासात नव्हतं, असं तेच म्हणतात. मग संतांची थोडी वचनं पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून धृपद, म्हणजे अभंगाचं पालुपद, धरलं.

मी या धृपदापाशी कितीतरी वर्षं अडकलोय. मला वाटायचं, आधी श्रद्धा हवी, मग देऊळ. इथे तर आधी हाताला दगडमाती लागली, दुसऱ्याच्या सुरात सूर लागला. मन मागाहून आलं. आणि बुडालेला धंदा विठोबाने काही परत दिला नाही. तुकोबा त्याच्याशी भांडले, रुसले, वाटेल ते बोलले. बोलणं मात्र तोडलं नाही. तुलाही शिव्या घालायच्या असतील तर त्यालाच घाल, घरच्यांना नको.

लोकांकडून येणं असलेल्या पैशांची खतं, म्हणजे कर्जाचे कागद, त्यांनी इंद्रायणीत सोडली, असं सांगतात. धाकट्या भावाच्या वाट्याची मात्र ठेवली. ती येणी होती बरं का, देणी नव्हेत! तुझी बँकेची नोटीस नदीत टाकू नकोस. सोमवारी वडिलांना घेऊन मॅनेजरला भेट, हप्ते पाडून माग. मी तोंड चुकवत राहिलो आणि व्याज वाढत गेलं, ते फेडायला नऊ वर्षं लागली.

येत्या एकादशीला रात्री साडेआठला आमच्या देवळात भजन असतं. आम्ही पाच म्हातारे, त्यात एकाला ऐकू येत नाही. टाळाची एक जोडी जास्तीची आहे. मागे भिंतीला टेकून बसलास तरी चालेल. काय झालं, कसं झालं, हे कुणी विचारणार नाही. मी सांगून ठेवलंय.

तुझा,
काका