४,२९,४९,६७,२९५ या संख्येला गणिताच्या दृष्टीने काही महत्त्व आहे का?

३२ बिटांत (संगणकातील ० किंवा १ लिहिण्याच्या ३२ जागांत) मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्या, एवढीच या संख्येची ओळख आहे की तिच्या अंगी काही गणिती गुणधर्मही आहेत, असा आपला प्रश्न आहे. गुणधर्म आहेत, आणि ते जवळजवळ सगळे तिच्या अवयवांतूनच निघतात.

ही संख्या म्हणजे २ च्या ३२ व्या घातातून १ वजा केल्यावर उरणारी संख्या. शेवटचा अंक ५ आणि अंकांची बेरीज ५७ असल्यामुळे तिला ५ ने व ३ ने भाग जातो हे पाहताक्षणीच कळते. उरलेल्या अवयवांसाठीही भागाकार करत बसावे लागत नाही, कारण दोन वर्गांच्या वजाबाकीचे शाळेतले सूत्र पुन्हा पुन्हा लावले की ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ हा गुणाकार आपोआप समोर येतो. हे पाचही अवयव मूळ संख्या आहेत आणि ज्ञात असलेल्या फर्मा मूळ संख्या, म्हणजे २ च्या १, २, ४, ८, १६ अशा दुपटीने वाढणाऱ्या घातांत १ मिळवून बनणाऱ्या मालिकेतील मूळ संख्या, एवढ्याच आहेत. या मालिकेतील सर्वच संख्या मूळ असाव्यात असा फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा अंदाज होता. तो ऑयलरने १७३२ मध्ये खोटा ठरवला, कारण पुढच्याच ४,२९,४९,६७,२९७ या संख्येला ६४१ ने भाग जातो. ही संख्या आपल्या संख्येपेक्षा अवघ्या २ ने मोठी आहे.

कोणताही मूळ अवयव दोनदा येत नसल्याने एकूण विभाजक ३२ होतात. स्वतः ती संख्या वगळून बाकीच्या विभाजकांची बेरीज ३,००,९६,३६,०३३ भरते, म्हणजे मूळ संख्येपेक्षा कमी, म्हणून ही न्यून संख्या आहे. यात फारसे नवल नाही. नवल आहे ते पुढच्या गोष्टीत. पाचही अवयवांतून १ वजा केला की २, ४, १६, २५६ आणि ६५,५३६ हे २ चेच घात मिळतात, त्यामुळे तिच्याशी सहमूळ (१ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या) असलेल्या, तिच्याहून लहान धन संख्या बरोबर २,१४,७४,८३,६४८ म्हणजे २ चा ३१ वा घात इतक्या आहेत.

याच कारणाने इतक्या बाजूंची सुसम बहुभुजाकृती केवळ पट्टी व कंपास वापरून काढणे तत्त्वतः शक्य आहे. गाउसने १७९६ मध्ये १७ बाजूंपासून हा विषय सुरू केला आणि वांट्झेलने १८३७ मध्ये उलट बाजूची, म्हणजे इतर बाजूसंख्यांना हे शक्य नाही याची, सिद्धता दिली. अशा रीतीने काढता येणाऱ्या बहुभुजाकृतींपैकी बाजूंची विषम संख्या म्हणून आज माहीत असलेली सर्वांत मोठी संख्या हीच आहे. प्रत्यक्षात ती आकृती वर्तुळापासून वेगळी ओळखता येणार नाही, ही गोष्ट निराळी.

मला स्वतःला सर्वाधिक आवडतो तो पास्कलच्या त्रिकोणाशी (कडांवर १ आणि आतली प्रत्येक संख्या वरच्या दोन संख्यांची बेरीज, अशा मांडणीशी) असलेला संबंध. त्रिकोणात विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहून प्रत्येक ओळ द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीने वाचल्यास १, ३, ५, १५, १७, ५१ अशा संख्या मिळत जातात आणि पहिल्या ३२ ओळींत आपल्या संख्येचे ३२ विभाजक चढत्या क्रमाने, एकही न चुकता, येतात. सुरुवातीच्या सात-आठ ओळी कागदावर सहज पडताळून पाहता येतील.