माल किती घ्यायचा, हे ठरवणारं काम

तुझं पत्र वाचलं. संख्याशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहेस, सुट्टीच्या दिवशी कपड्यांच्या एका दुकानात स्टॉक मोजायचं काम करतेस आणि तिथेच मर्चंडाइज प्लॅनर नावाचं पद असतं हे तुला कळलं. आता तेच करावंसं वाटतंय. शंका तीन आहेत. तुला फॅशनमधलं फारसं कळत नाही. बाबा विचारतात, 'दुकानातला माल मोजायला संख्याशास्त्र कशाला?' आणि मैत्रीण म्हणते, हे सगळं काम लवकरच सॉफ्टवेअर करेल.

फॅशनचं आधी उरकून टाकू. कोणता माल, कुठला रंग, कुठलं कापड हे बायर ठरवतो. तो किती घ्यायचा, कधी आणायचा, कोणत्या दुकानात किती पाठवायचा आणि त्यात पैसा किती अडकवायचा, हे प्लॅनर ठरवतो. दोघं मिळून काम करतात आणि वादही भरपूर घालतात. बायरचा जीव मालावर जडलेला असतो, तर प्लॅनरसमोर तशाच मालाच्या गेल्या हंगामातल्या विक्रीचे आकडे असतात. फॅशनची जाण असली तर चांगलंच, पण तिच्यावाचून अडत नाही. उलट, कपडे निवडायला मिळतील या आशेने कोणी इथे येत असेल तर मी त्याला थांबवेन. दिवसाचा बहुतेक वेळ एक्सेलसमोरच जातो.

बाबांच्या प्रश्नाला मात्र नीट उत्तर द्यायला हवं, आणि ते उदाहरणानेच देता येईल.

समज, एका शर्टाचे १,२०० नग घेतले. हंगाम १२ आठवड्यांचा. निम्मे, म्हणजे ६०० नग दुकानांत पाठवले आणि निम्मे गोदामात राखून ठेवले. चारही साइज सारख्या घेतल्या, म्हणजे दुकानांत प्रत्येक साइजचे १५० नग गेले. पहिल्या चार आठवड्यांची विक्री अशी: १३०, ९०, ४५, ३५. एकूण ३००. सेल-थ्रू, म्हणजे घेतलेल्या मालापैकी विकला गेलेला भाग, २५ टक्के. आठवड्याची सरासरी ७५, शिल्लक ९००, म्हणजे अजून १२ आठवडे पुरेल एवढा माल, आणि हंगाम उरलाय आठच आठवड्यांचा. विक्री तर दर आठवड्याला घसरतेय. हे बघून घाईत कोणीही म्हणेल की माल उठत नाहीये, किंमत उतरवा.

आता तेच आकडे साइजप्रमाणे मांड. विकल्या गेलेल्या ३०० पैकी २४० नग मीडियम आणि लार्जचे. जास्त चालणाऱ्या दुकानांत या दोन्ही साइज दुसऱ्याच आठवड्यात संपल्या. दुकानांत पाठवलेल्या मीडियम-लार्जच्या ३०० पैकी न विकलेले ६० नग ज्या दुकानांत गिऱ्हाईक कमी तिथे पडून आहेत. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात शर्टाची मागणी आटली नव्हती, हव्या त्या साइज दुकानात नव्हत्या. गोदामात मात्र मीडियम आणि लार्जचे मिळून ३०० नग आहेत. ते आज रिकाम्या दुकानांकडे निघाले पाहिजेत आणि पुढच्या ऑर्डरमध्ये साइजचं प्रमाण बदललं पाहिजे. किंमत उतरवायचीच तर स्मॉल आणि एक्स्ट्रा लार्जचा विचार नंतर करता येईल.

घाईत किंमत उतरवली असती तर काय झालं असतं? ६०ला घेतलेला आणि १००ला विकायचा नग २० टक्के सवलतीत ८०ला गेला, तर नफा ४० वरून २० वर येतो. तेवढाच नफा हातात पडायला दुप्पट नग विकावे लागतात. 'फक्त २० टक्के' असं म्हणणाऱ्यांच्या हे ध्यानातच येत नाही.

आणि तुझं संख्याशास्त्र थेट कुठे लागतं तेही बाबांना सांग. हाच नग हंगाम संपल्यावर ४०लाच जाणार असेल, तर एक नग कमी पडला की ४०चा नफा हुकतो आणि एक जास्त झाला की २०चा तोटा होतो. मग घ्यायचे किती? मागणी आपल्या खरेदीच्या आत राहण्याची शक्यता ४० भागिले ६०, म्हणजे दोन तृतीयांश असेल, तिथपर्यंत. सरासरी अंदाजापेक्षा थोडे जास्तच. याला न्यूजव्हेंडर मॉडेल म्हणतात, तुझ्या अभ्यासक्रमात कदाचित येऊनही गेलं असेल. माल मोजणं वेगळं आणि मागणी किती वर-खाली होईल याची किंमत मोजणं वेगळं.

पैशाची बाजू ओपन-टू-बाय नावाच्या हिशेबात येते, म्हणजे या महिन्यात अजून कितीची खरेदी करता येईल याचा हिशेब. महिन्याची नियोजित विक्री, त्यात किंमत उतरवल्याने होणारी घट आणि महिनाअखेर हवा असलेला साठा यांची बेरीज करायची, त्यातून सुरुवातीचा साठा आणि आधीच दिलेल्या ऑर्डरी वजा करायच्या. १०० अधिक १० अधिक १८०, वजा १६०, वजा ९०: हाती उरले ४०. बायरने ७०चा माल पसंत केला असेल तर बाकीच्या ३०ला नाही म्हणणं प्लॅनरच्या वाट्याला येतं. तू स्वतःला 'जरा बुजरी' म्हटलं आहेस, म्हणून हे मुद्दाम लिहिते आहे. आवाज मोठा लागत नाही, पण आपला आकडा कुठून आला हे चारचौघांत शांतपणे सांगता यावं लागतं. जे नुसते गणितात हुशार असतात ते बरेचदा इथेच अडतात.

सॉफ्टवेअरचं म्हणशील तर मैत्रीण निम्मी बरोबर आहे. जुन्या विक्रीवरून पुढचा अंदाज बांधणं, दुकानांना रोजचा माल वाटणं ही कामं अनेक ठिकाणी आजच यंत्रणा करतात. फक्त आकडे उचलून दुसऱ्या तक्त्यात भरणाऱ्याची नोकरी टिकणार नाही, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण वर पाहिलेल्या उदाहरणात काही दुकानांत मीडियम आणि लार्ज नव्हतेच म्हणून तिथे त्यांची विक्री शून्य दिसली, आणि यंत्रणेला ते कळवलं नसेल तर ती पुढच्या वेळी तिथे माल आणखी कमी पाठवेल. अगदी नव्या मालाला तर इतिहासच नसतो. जुन्यातला कोणता माल त्याच्या जवळचा मानायचा, हे कोणाला तरी ठरवावं लागतं आणि चुकलं तर उत्तरही द्यावं लागतं.

सध्या तू काय करशील? दुकानाच्या मॅनेजरची परवानगी घे, विक्रीचे आकडे बाहेर सांगायचे नसतात हे लक्षात ठेव, आणि एकच वस्तू निवड. दर आठवड्याच्या सुरुवातीला साइजप्रमाणे किती विकली जाईल ते लिहून ठेव. आठवडा संपला की खरी विक्री आणि शिल्लक त्याच्यापुढे लिही. फरक का पडला ते एका ओळीत नोंदव. ही ओळ सर्वांत महत्त्वाची. परवानगी नाही मिळाली तर यूसीआयच्या, म्हणजे अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (अर्वाइन) संग्रहातला 'ऑनलाइन रिटेल' हा डेटासेट मोफत मिळतो. ब्रिटनमधल्या एका ऑनलाइन विक्रेत्याची डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०११ मधली बिलं त्यात आहेत, सुमारे ५ लाख ४१ हजार ओळी. 'सी' अक्षराने सुरू होणारी बिलं रद्द झालेली आहेत, ती आधी बाजूला काढ, नाहीतर बेरजा चुकतील. एक्सेलमधल्या पिव्होट टेबल, सम-इफ्स, एक्स-लुकअप यावर हात बसला की एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेची, सुरुवात कर.

पदव्युत्तर शिक्षणाची घाई मात्र नको. दोन-तीन हंगाम काम करून बघ, मग काय शिकायचं ते तुझं तुलाच कळेल. बहुधा पहिली नोकरी अलोकेशनमध्ये मिळते, म्हणजे ठरलेला माल दुकानांना वाटून देण्याच्या कामात. पदाचं नाव साधं वाटलं तरी घे, कारण कोणत्या दुकानात काय खपतं हे तिथे रोज दिसतं. तिथून असिस्टंट प्लॅनर आणि मग प्लॅनर. मुलाखतीत दोन गोष्टी विचारून घे: अलोकेशनमधले लोक पुढे प्लॅनिंगमध्ये घेतले जातात का, आणि हंगाम संपल्यावर अंदाज व प्रत्यक्ष विक्री यांचा आढावा बायरबरोबर बसून घेतला जातो का. दुसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं आणि हातात दुसरी ऑफर असेल, तर पगार थोडा कमी असला तरी मी तुला ती दुसरी घे म्हणेन.